मंजुळा कुठल्या क्लासमध्ये बसते?

सुनंदाताईंनी माझ्या टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडे फोन, उजवीकडे वही. फोनवर मंजुळाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. वहीत त्याच नावाखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या.

"मॅडम, आता तुम्हीच सांगा. मी फोनचं ऐकायचं का वहीचं?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्या आपल्या गावाहून, वांगणीहून, जीपने आल्या होत्या. आदल्या दिवशी त्याच रस्त्याने त्यांनी मंजुळाला जव्हारच्या रुग्णालयात आणलं होतं. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, रक्तदाब फार वर गेलेला. तिथून तिला रुग्णवाहिकेने नाशिकला हलवलं होतं. बाई वाचेल का, मूल वाचेल का, हे त्या क्षणी आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

हिरव्या ठिपक्याचा अर्थ असा होता की काळजीचं कारण नाही, पुढची भेट महिन्याभराने. तो ठिपका देणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

मी मूळची मोखाड्याची. वडील तालुक्याच्या कचेरीत क्लार्क होते. मी इंजिनिअर झाले, ठाण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले, आणि काही वर्षांपूर्वी घरच्या कारणाने जव्हारला राहायला आले. कंपनी तीच राहिली. आठवड्यातले बरेच दिवस घरून काम आणि दोन दिवस एका सामाजिक संस्थेच्या जव्हारच्या ऑफिसात. या संस्थेच्या सेविका गावागावांत गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलं यांच्याकडे नियमित जातात. कुणाकडे कधी जायचं याची यादी त्यांना फोनवर मिळावी म्हणून आम्ही अ‍ॅप करून दिलं होतं. सुनंदाताई त्यांतल्या सगळ्यात जुन्या सेविका. अ‍ॅप आल्यावरही त्यांनी वही सोडली नव्हती. ट्रेनिंगमध्ये मी त्यांना दोनदा म्हणाले होते की आता दुहेरी लिहायची गरज नाही. त्या हो म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.

मी लॅपटॉप उघडला. मंजुळाचं रेकॉर्ड काढलं. नाव, वय, गाव, पाळीची तारीख, सगळं बरोबर होतं. पण मागच्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता आणि या वेळी अंगात रक्त कमी आहे, ही नोंद कुठेच नव्हती. ताईंची वही सांगत होती की ही नोंद त्यांनी पावसाळ्यातच फोनमध्ये भरली होती. तेव्हा ठिपका लाल झाला होता, असंही त्यांना नीट आठवत होतं.

मी विचारलं, मधे काय झालं?

त्या म्हणाल्या, मधे ती जगायला गेली.

आमच्याकडे असंच म्हणतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर कामाला जातात, तिकडे भिवंडी-वसईच्या बाजूला. अ‍ॅपच्या बटणावर मी 'स्थलांतरित' असा शब्द टाकला होता, तो फक्त मीच वापरायचे. मंजुळा नवऱ्याबरोबर गेली, तेव्हा ताईंनी ते बटण दाबलं. भट्टीवर तिला झेपेना, म्हणून ती लवकरच परत आली. ताईंनी 'परत आली' दाबलं. ठिपका हिरवा झाला.

एवढं ऐकल्यावर चूक कुठे आहे ते मला कळलं. शोधावीसुद्धा लागली नाही.

ही चूक काय होती ते सांगायला थोडं प्रोग्रॅमिंग सांगावं लागेल. आम्ही ज्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहितो त्यात 'क्लास' नावाचा प्रकार असतो. क्लास म्हणजे साचा, विटेचा असतो तसा. त्या साच्यातून जी एकेक वीट निघते तिला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये 'गरोदर' नावाचा साचा होता आणि प्रत्येक गरोदर बाई हा त्यातून निघालेला एक ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टला प्रश्न विचारता येतात. मुख्य प्रश्न एकच होता, पुढची भेट कधी? साधं उत्तर होतं, महिन्याने.

मग डॉक्टर मॅडम, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, म्हणाल्या की जोखमीच्या बायकांकडे दर आठवड्याला जायला हवं. तेव्हा मी इनहेरिटन्स वापरला. इनहेरिटन्स म्हणजे वारसा. जुन्या साच्यावरून नवा साचा करायचा. जुन्यातलं सगळं आपोआप मिळतं, फक्त जिथे फरक हवा तिथे बदलायचं. 'जोखमीची गरोदर' हा 'गरोदर'चा वारस झाला. त्यात मी एक जादा जागा ठेवली, जोखीम काय आहे ते लिहायला, आणि भेटीचं उत्तर बदललं. महिन्याऐवजी आठवडा. अर्ध्या दिवसाचं काम होतं. झकास चाललं.

पुढे सेविकांची तक्रार आली. बाई गावात नसतानाही यादीत तिचं नाव येतं आणि मग रिपोर्टमध्ये सेविकेची भेट चुकली असं दिसतं. तक्रार रास्त होती. मी आणखी एक वारस केला, 'स्थलांतरित गरोदर'. हिला पुढची भेट विचारली की उत्तर यायचं, परत येईपर्यंत नाही. तेही अर्ध्या दिवसात झालं. व्हाइटबोर्डवर मी त्याचं झाड काढलं होतं. वर एक खोड, खाली दोन फांद्या. मला ते फार आवडलं होतं.

आता मंजुळाला त्या झाडावर बसवून बघा. ती जोखमीच्या फांदीवर होती. जगायला गेली म्हणून तिला दुसऱ्या फांदीवर न्यायचं. पण ऑब्जेक्टला आपला क्लास बदलता येत नाही. भाजलेली वीट पुन्हा दुसऱ्या साच्यात घालता येत नाही, तसंच. म्हणून माझा प्रोग्रॅम जुनी मंजुळा पुसायचा आणि नवी 'स्थलांतरित' मंजुळा तयार करायचा. नाव, गाव, तारखा नवीत उतरवायचा. जोखीम लिहायची जागा या साच्यात नव्हतीच, त्यामुळे ती उतरायची नाही. परत आल्यावर पुन्हा तेच. स्थलांतरित मंजुळा पुसली, साधी गरोदर मंजुळा तयार केली. हिरवा ठिपका.

अ‍ॅप कुठे बंद पडलं नाही की त्याने एरर दाखवला नाही. मी लिहिलं होतं तेच त्याने केलं.

सुनंदाताईंना मी हे सगळं सांगितलं नाही. चूक माझी आहे, फोनची नाही, तुम्ही वहीचं ऐकलंत ते बरं झालं, एवढंच म्हणाले. फोनचं ऐकलं असतं तर त्या तिच्याकडे आणखी तीन आठवडे गेल्या नसत्या.

दुपारी ठाण्याला प्रधान सरांना व्हिडिओ कॉल केला. प्रधान सर आमच्या कंपनीचे मालक. स्वतः चांगले प्रोग्रॅमर, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी लगेच उपाय सांगितला. तिसरा वारस कर, 'जोखमीची स्थलांतरित गरोदर'. अर्धा दिवस. उद्या अपडेट जाऊ दे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका संस्थेला हेच अ‍ॅप दाखवायचं होतं, ती चिंता त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मी म्हटलं, "सर, डॉक्टर मॅडमना आता सिकलसेलचा रक्ताचा आजार वेगळा हवा आहे. जुळी वेगळी हवीत. अठराच्या आतल्या मुली वेगळ्या हव्यात. प्रत्येकीची एक जगायला गेलेली आवृत्ती करायची का? आणि सिकलसेलवालीला जुळी असतील तर?"

"ते आलं की बघू."

"आलेलंच आहे. आणि बाळंतिणीचा साचा वेगळा, म्हणून बाळंत झाल्यावर प्रत्येक बाई पुन्हा पुसली जाते."

त्यांनी विचारलं, दुसरा मार्ग काय, आणि किती दिवस? मी म्हटलं, तीन आठवडे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. आज आधी आग विझव, मग बोलू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते बरोबरच होतं. संध्याकाळच्या आत मी एक ओबडधोबड बदल केला. जी बाई एकदा तरी बाहेरगावी गेली होती, तिचा ठिपका सरसकट लाल. कारण काही का असेना. सेविकांच्या याद्या एकदम लांबल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कुरकुरीचे फोन सुरू झाले. मला ते चालणार होतं.

पण पुसलेली जोखीम मशीनमधून परत येणार नव्हती. ती फक्त कागदावर होती, तीही कुणाकुणाच्याच. अ‍ॅप आल्यावर बऱ्याच सेविकांनी वह्या बंद केल्या होत्या, माझ्याच सांगण्यावरून. डॉक्टर मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. ज्यांच्याकडे वही होती त्यांनी वही आणली. ज्यांच्याकडे नव्हती त्या आठवून सांगत होत्या. आम्ही सतरंजीवर बसून एकेक नाव लावत गेलो. मंजुळासारख्या आणखी चौघी निघाल्या. दाभोशाची एक आधीच बाळंत झाली होती, सुखरूप. जामसरची एक माहेरी होती, तिला दुसऱ्याच दिवशी तपासून आणलं. तिसरी घरीच होती आणि ठीक होती. चौथी अजून भट्टीवर होती. फोन नवऱ्याचा, आणि तो बंद.

तिला शोधायला सुनंदाताईंना तीन दिवस लागले. त्याच भट्टीवर कामाला गेलेलं दुसरं घर, त्यांचा गावातला भाऊ, त्याच्याकडून मुकादमाचा नंबर, असं करत करत त्या तिच्यापर्यंत पोचल्या. वांगणीला नेटवर्क एका चढावर येतं. ताई तिथे उभ्या राहून तिच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होत्या. मला त्यातलं निम्मं समजलं. शेवटी ती भट्टीजवळच्या दवाखान्यात गेली आणि रक्तदाब ठीक असल्याचं तिने कळवलं. मी तेव्हा ताईंबरोबरच होते. मुद्दाम गेले होते, कारण मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती.

पुढची भेट कधी, हे तुम्ही कसं ठरवता?

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. मग चालता चालता त्यांनी सांगितलं. रक्ताचं काय ते नर्सबाई सांगतात. गावात आहे का जगायला गेली ते सासूला विचारायचं. आधीच्या बाळंतपणाचं दाईला माहीत असतं. ते सगळं ऐकायचं आणि मग आपण ठरवायचं.

मी विचारलं, बाई जगायला गेली की मग नर्सबाईंनी सांगितलेलं रद्द होतं का?

"रद्द कसं व्हईल? गेली तरी रगत तेवढंच ना तिचं." त्या थांबल्या. "ती हितं नाय, तर जायचं नाय, फोन करायचा. एवढाच फरक."

आमच्या धंद्यात याला डेलिगेशन म्हणतात. काम सोपवणं. मी हे पुस्तकात शिकले होते, इंटरव्ह्यूत उत्तर देऊन पासही झाले होते. पण पुस्तकातली उदाहरणं बदकांची आणि गाड्यांची होती. इनहेरिटन्समध्ये आपण म्हणतो, ही बाई 'जोखमीची' आहे. डेलिगेशनमध्ये म्हणतो, ही बाई आहे आणि तिच्याकडे एक जोखीम आहे. वाक्यात फरक छोटा दिसतो. पण 'आहे' म्हटलं की ती बाईच त्या साच्याची होऊन बसते. 'तिच्याकडे आहे' म्हटलं की ते उद्या नसू शकतं, दोन असू शकतात, वाढू शकतं, आणि बाई तीच राहते. बाईला विचारलं, पुढची भेट कधी, तर ती स्वतः उत्तर देत नाही. आपल्याकडच्या जोखमींना विचारते आणि त्यांतली सगळ्यात जवळची तारीख सांगते.

नवं डिझाइन मी त्या आठवड्यात कागदावर मांडलं. आणि पहिल्याच प्रयत्नात पुन्हा चुकले. हे सांगायला हवं, नाहीतर असं वाटेल की डेलिगेशन म्हटलं की प्रश्न सुटला. मी जोखीम आणि स्थलांतर हे दोन वेगळे मदतनीस केले आणि दोघांनाही तोच प्रश्न विचारला, भेट कधी? जोखीम म्हणाली, या आठवड्यात. स्थलांतर म्हणालं, नाहीच. आता ऐकायचं कुणाचं? मूळ गोंधळ जिथल्या तिथे होता, फक्त नव्या कपड्यांत.

तेव्हा चढावरचं ताईंचं बोलणं मला नीट समजलं. स्थलांतराला 'कधी' हा प्रश्न विचारायचाच नव्हता. 'कधी' ते जोखीम ठरवते. स्थलांतर फक्त 'कसं' ते ठरवतं, म्हणजे घरी जायचं की फोन करायचा. जुन्या झाडावर मी या दोन वेगळ्या प्रश्नांना एकाच प्रश्नात कोंबलं होतं. खरी चूक ती होती. इनहेरिटन्सने ती झाकायला मदत केली, एवढंच. डॉक्टर मॅडमना हा नियम दाखवला. त्यांनी एकच भर घातली, फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी ते नाव त्यांच्या स्वतःच्या यादीत यावं.

इनहेरिटन्स मी पूर्ण काढून टाकला नाही. सिकलसेल, जुळी, कमी वय हे तिन्ही 'जोखीम' या साच्याचे वारस आहेत आणि अजूनही तसेच आहेत. सिकलसेल ही जोखीमच आहे. सकाळी उठून ती दुसरं काही होणार नाही. अशा ठिकाणी वारसा शोभतो.

प्रधान सरांना मी हे तीन पानांत लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला. डिझाइन पटलं होतं. तीन आठवडे द्यायला ते तयार होते, दुसऱ्या संस्थेचा डेमो पुढे ढकलणार होते. अडचण दुसरीच होती. डॉक्टर मॅडमना लेखी अहवाल द्यायचा होता, आणि सरांनी त्यात लिहिलं होतं की नेटवर्क नसल्यामुळे काही नोंदी सर्व्हरवर पोचल्या नाहीत.

मी म्हटलं, नोंदी पोचल्या होत्या. आपण पुसल्या.

ते म्हणाले, शुभांगी, आपण तेरा जणांची कंपनी आहोत. हे काम गेलं तर काय होईल तुला माहीत आहे. मी म्हटलं, माहीत आहे. पण नेटवर्कचं लिहिलं तर उद्या सेविकांना सांगितलं जाईल की चढावर जाऊन नोंदी नीट सिंक करत जा, सर्व्हरवर पाठवत जा. म्हणजे दोष त्यांच्यावर जाईल. सुनंदाताई त्या चढावर रोज जातात.

सर म्हणाले, तूच लिही, सही मी करतो.

मी लिहिलं. चूक काय, कुणाची, किती बायकांवर परिणाम झाला, कुणी पकडली. एक पान. डॉक्टर मॅडमनी ते माझ्यासमोरच वाचलं. चिडल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. काम त्यांनी काढून घेतलं नाही, दोन अटी घातल्या. वर्षभर प्रत्येक सेविका वहीही लिहील. आणि दर महिन्याला मी पाच वह्या आणि पाच फोन स्वतः ताडून बघेन. दुसऱ्या संस्थेने मात्र डेमो पुढे गेल्यावर आमच्यात रस घेतला नाही. सरांनी ते मला कधी ऐकवलं नाही.

मंजुळाचं नाशिकला सिझेरियन झालं. मुलगी. वेळेआधी आली म्हणून बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी घरी आल्यावर मी सुनंदाताईंबरोबर गेले. मंजुळा ओटीवर बसली होती, अशक्त दिसत होती. मी कोण ते ताईंनी सांगितलं, फोनमधलं काम करतात त्या मॅडम. तिने मान हलवली आणि चहा ठेवायला सासूला हाक मारली. तिच्या दृष्टीने मी पाहुणी होते. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून गेले होते. ते तिथे बोलले असते तर ते मलाच बरं वाटावं म्हणून झालं असतं, तिला त्याचा काही उपयोग नव्हता. मी मुलीला मांडीवर घेतलं, थोडा वेळ बसले आणि आले.

नव्या अ‍ॅपमध्ये बाई बाळंत झाली की काहीच पुसलं जात नाही. तिच्याकडचं गरोदरपण संपतं, बाळंतपण सुरू होतं, जुन्या जोखमी तिच्यापाशी राहतात. मंजुळाला पुन्हा दिवस गेले तर पहिल्याच दिवशी ठिपका लाल असेल.

आता आमच्याकडे नवीन कुणी इनहेरिटन्स वापरून कोड लिहिला की तो आधी माझ्याकडे येतो. मी फार काही बोलत नाही. हे कायमचं आहे का सध्यापुरतं, एवढंच विचारते. सध्यापुरतं असेल तर ते साच्यातून वेगळं काढून बाईच्या हातात द्यायला सांगते. कोड थोडा लांबतो, फाइली वाढतात, पोरं नाक मुरडतात. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं, ते मी एस्टिमेटमध्ये आधीच धरून ठेवते.